मधल्या पानावरून पारख

त्या दोघी पहिल्यांदा माझ्या घरी आल्या तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता. आई आणि मुलगी. महिन्यातून एकदा त्या धानोऱ्याकडच्या आपल्या गावातून एसटीने गडचिरोलीला येत, जिल्हा रुग्णालयात मुलीचे रक्त तपासून गोळ्या घेत आणि दुपारच्या गाडीने परत जात. त्या दिवशी रुग्णालयातले काम लवकर आटोपले होते. गाडीला तीन तास होते.

मुलीला सिकलसेल आहे. आमच्या भागात या शब्दाचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. थंडी लागली, पाणी कमी पडले किंवा दमणूक झाली की हातापायांची हाडे ठणकू लागतात. ते दोन दिवस चालेल की दहा, हे आधी कळत नाही. आश्रमशाळेच्या वसतिगृहात आठवीचे वर्ष तिने वर्गापेक्षा खाटेवर जास्त काढले होते. ती आठवी पास झाली आणि आईवडिलांनी तिला घरी आणले. घरी येऊन एक वर्ष झाले होते. ती सोळा वर्षांची होती.

आईशी माझी ओळख जुनी, पण तुटक. चंद्रपूरच्या एका दैनिकात मी बरीच वर्षे मजकूर तपासण्याचे काम केले. अधूनमधून बातमीसाठीही पाठवत. तेंदूपानांच्या हंगामावर लिहायला त्यांच्या गावी गेलो होतो, तेव्हा त्यांच्याच घरी जेवलो होतो. निवृत्तीनंतर मी गडचिरोलीत राहायला आलो हे तिला कोणाकडून तरी कळले होते.

पाणी पिऊन झाल्यावर तिने सरळ विचारले, "भाऊ, तुम्ही पेपरात लोकायच्या चुका काढत होते ना?"

"काढत होतो, बाई."

"मंग एक सांगा. पोरीले घरी मराठीचं व्याकरण शिकवाचं हाये. कोणतं पुस्तक घेऊ?"

मी विचारले की फक्त व्याकरणच का. तिने क्रमाने सांगितले. शाळेबाहेरच्या मुलांना दहावीला बसण्यासाठी जो सतरा नंबरचा अर्ज असतो, तो ती या वर्षी भरणार होती. विज्ञान आणि इतिहास मुलगी आपली आपण वाचत होती. गणित वडील घेत होते. ते बारावीपर्यंत शिकलेले. "त्याले गणित येते, धीर येत नाई," असे ती म्हणाली आणि मुलगी हसली. राहिले मराठी. ते आईकडे होते. आईचे स्वतःचे शिक्षण नववीपर्यंत.

"घरात आमी गोंडीच बोलतो," ती म्हणाली. "इले समजते सगळं. विचारलं तं सांगते. लिवाले बसली का अडकते. अन् पेपर तं सगळेच मराठीत हाये ना जी. इतिहासाचं येऊनही लिवता नाई आलं तं काय उपेग?"

मुलगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती. आईने तिच्यासमोरच पुढचे सांगितले. एक वर्ष घरी बसण्यात गेले होते. आणखी एक नापास होण्यात गेले, तर मुलगी स्वतःच पुस्तके बांधून ठेवेल. तसे ती बोलली नव्हती, पण आईला दिसत होते. म्हणून मार्चची परीक्षा ही एकच संधी धरून चालायचे होते.

मला उत्तर द्यायला वेळ लागला नाही. कपाटातून एक जाडजूड, पुठ्ठाबांधणीचे व्याकरण काढून दिले. आमच्या कार्यालयात टेबलावर असे ती प्रत. सगळ्या व्याख्या, सगळे प्रकार, उपप्रकार, अपवाद. पहिल्या पानापासून सुरुवात करा, रोज चार पाने, असे मी सांगितले.

तिने पुस्तक मांडीवर घेतले. पहिले पान उघडले नाही, अनुक्रमणिकाही पाहिली नाही. पुस्तक कडेने धरून साधारण मध्यावर उघडले आणि मुलीकडे दिले. "वाच." मुलीने अर्धे पान वाचले. आईने विचारले, "काय समजलं?" मुलीने खांदे उडवले. आईने ते पान स्वतः वाचले, सावकाश, ओठ हलवत. मग पुस्तक बंद करून म्हणाली, "चांगलं हाये भाऊ. पण हे ज्याले येते त्याच्यासाठी हाये."

पुस्तक मात्र ती घेऊन गेली. परत देईन म्हणाली.

मे महिन्यात मी त्यांच्या गावी गेलो. निमित्त तेंदूच्या हंगामाचे होते. एका साप्ताहिकाने छोटा मजकूर मागितला होता. त्या गावात पानांची खरेदी ग्रामसभाच करते. सकाळी जंगलातून पाने तोडून आणायची, दुपारभर घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे वाकाच्या दोरीने बांधायचे आणि संध्याकाळी ते गावाबाहेरच्या फळीवर, म्हणजे संकलनाच्या मोकळ्या मैदानावर, नेऊन द्यायचे, असा तिथला क्रम. पुडे तपासून घेण्याचे काम ग्रामसभेने या बाईंना दिले होते.

मी तासभर बाजूला उभा राहून पाहिले. बायकापुरुष डोक्यावरचे गाठोडे उतरवत आणि पुडे ओळीने मांडत. ती वरच्या पुड्याला हात लावत नव्हती. रांगेच्या मधून, कधी खालून, एक पुडा ओढून काढी, बोटांनी पाने सरकवी, फाटके किंवा कोवळे पान दिसले तर ते काढून मालकाच्या हातात देई आणि पुढे जाई. कोणाशी वाद नाही. एका म्हाताऱ्याच्या गठ्ठ्यातून तिने सलग तीन पुडे काढले.

"माह्यावर लई नजर हाये तुही," म्हातारा म्हणाला.

"तुह्यावर नाई बाबा, तुह्या पुड्यावर. तू तं चांगला हायेस."

लोक हसले. म्हाताऱ्याने तिन्ही पुडे सोडून पुन्हा बांधायला घेतले.

काम संपल्यावर मी तिला विचारले की मधलाच का काढता. "वरचा पुडा सगळेच नीट बांधते," ती म्हणाली. "मधला, माणूस थकल्यावर बांधते. त्याच्यात खरं दिसते."

माझ्या घरी तिने पुस्तक मध्यावर का उघडले होते, हे मला तेव्हा कळले.

घरी गेल्यावर तिने मला सगळा पसारा दाखवला. दीड महिन्यात तिने चार गोष्टी जमवल्या होत्या. एक माझे जाड पुस्तक. दुसरे गडचिरोलीच्या बसस्थानकाजवळ घेतलेले गाईड, ज्यात प्रश्नाखाली तयार उत्तर असते. तिसरा मोबाइलवरचा चित्रफितींचा वर्ग. गावात नेटवर्क नसल्याने तो गडचिरोलीला आल्यावर उतरवून घ्यावा लागे. चौथा तीन पातळ पुस्तिकांचा संच. घरी मुलांना शिकवणाऱ्या पालकांसाठी कोणीतरी तयार केलेला. तो मीच चंद्रपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेकडून मागून पाठवला होता. त्यात डावे पान पालकासाठी होते आणि उजवे मुलासाठी. डाव्या पानावर काय विचारायचे, कुठे थांबायचे, ते लिहिलेले असे.

प्रत्येकातून तिने मधला एक पाठ घेऊन मुलीबरोबर करून पाहायचे ठरवले होते. तिच्या अटी होत्या आणि त्या तिने कुठे लिहून ठेवलेल्या नव्हत्या. विचारले तेव्हा सांगितल्या. ज्या दिवशी मुलगी दुखण्याने उठू शकत नाही, त्या दिवशी तो पाठ पडल्यापडल्या करता आला पाहिजे. आईला आधी समजला पाहिजे. आणि पाठ मध्येच थांबवून दहा दिवसांनी पुन्हा धरता आला पाहिजे, कारण दुखणे वेळ विचारून येत नाही.

शाळांच्या, शिकवणीवर्गांच्या आणि शिक्षण खात्याच्या बातम्या मी अनेक वर्षे तपासल्या. पुस्तक निवडण्याचे इतके स्पष्ट निकष मी त्यातल्या एकाही बातमीत वाचल्याचे आठवत नाही. परतीच्या गाडीत मी ते माझ्या वहीत उतरवून घेतले.

जुलैपर्यंत निकाल लागला. माझे पुस्तक पहिल्याच फेरीत गेले होते. मोबाइलवरचा वर्ग मुलीला आवडला, पण आईने काढून टाकला. "तो मास्तर थांबतच नाई," नेटवर्क येते तिथवर येऊन तिने फोनवर सांगितले. "मी म्हणते थांब बाप्पा, तो आपला पुढंच. अन् त्याची मराठी अशी गोड गोड, पोरगी नुसती आयकत राह्यते."

पातळ पुस्तिकाही तिने बाद केल्या. दुसऱ्या पुस्तिकेतला मधला पाठ तिने उघडला होता. त्यात लिहिले होते की मागच्या पाठात तुम्ही लिहिलेला परिच्छेद घ्या आणि त्यातली प्रत्येक क्रिया अधोरेखित करा. मागचा परिच्छेद त्यांच्याकडे नव्हता. पुढच्या पाठातही तेच. तिच्या हिशेबात हा पुडा अर्धाच बांधलेला होता. पानावर जे पाहिजे ते पानावर नव्हते.

गाईडचे कोणतेही पान उघडा, ते आपल्यापुरते पूर्ण होते. प्रश्न, उत्तर, खाली तीन उदाहरणे. पडल्यापडल्या वाचता येत होते. आईला समजत होते. दहा दिवस सोडून पुन्हा धरता येत होते. तिच्या तिन्ही अटी गाईडने पूर्ण केल्या. ऑगस्टमध्ये अर्ज भरायला त्या गडचिरोलीला आल्या, तेव्हा जाड पुस्तक आणि पुस्तिका मला परत करून गेल्या. पुस्तिका मी कपाटात जाड पुस्तकाशेजारी ठेवल्या. त्या पुस्तिकांचे पाठ एकमेकांवर रचलेले आहेत, मधून उघडून त्यांची परीक्षा होणार नाही, हे मला ठाऊक होते. मी बोललो नाही. तिच्या पद्धतीने मी इतका भारावलो होतो की ती कुठे चुकू शकेल, हे विचारायचे राहून गेले. मजकूर तपासणाऱ्या माणसाकडून व्हायला नको अशी ही चूक होती.

गाईडचा अभ्यास जोरात चालला. सप्टेंबरमध्ये मुलगी विचारलेल्या कोणत्याही व्याख्येचे उत्तर न अडखळता देत होती. माझ्यासमोर तिने प्रयोगाचे प्रकार, अलंकारांची उदाहरणे आणि समासाचे विग्रह म्हणून दाखवले. वडीलही खूश होते. "आता गणितापेक्षा मराठी पुढं गेली," ते म्हणाले. आई म्हणाली, "तुमचं गणित हायेच तसं."

दिवाळीच्या थोडे आधी आईने तिला सांगितले, मामाला पत्र लिही. मामा गडचांदूरला सिमेंट कारखान्यात कंत्राटी कामाला. पत्रलेखन परीक्षेत असते, तेवढाच सराव. मुलीने अर्ध्या तासात सुंदर अक्षरात पत्र लिहिले. आईने वाचले, एकही चूक दिसली नाही. वडिलांनी डांबरी रस्त्यापर्यंत जाऊन, जिथे नेटवर्क येते तिथून, त्याचा फोटो मामाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी वडील पुन्हा रस्त्यावर गेले तेव्हा मामाचा फोन आला. बायको बरोबर होती, म्हणून त्यांनी तो तिथेच तिच्या हातात दिला. हे संभाषण मला नंतर आई आणि वडील दोघांनी सांगितले. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

"काऊन व बाई, पोरगी धावाले कधी लागली?" मामाने विचारले.

"कोण धावली?"

"तुही पोरगी! लिवलं हाये ना तिनं. शाळेच्या क्रीडा महोत्सवात धावण्याच्या शर्यतीत माझा पहिला क्रमांक आला. मुख्याध्यापकांनी माझे कौतुक केले. आमच्या इथी सगळ्याइले वाचून दाखवलं. सगळे म्हणते, मामानं आता बूट घेऊन द्या लागते."

आईने फोन बंद केला आणि घरी येऊन गाईड उघडले. पत्र तिथे होते. शब्द न शब्द. मुलीने फक्त नावे बदलली होती. ज्या मुलीला पन्नास पावले पळाल्यावर दोन दिवस अंथरूण धरावे लागते, तिने शर्यत जिंकल्याचे पत्र लिहिले होते आणि लिहिताना त्यात तिला काही खटकले नव्हते. वाचताना आईलाही खटकले नव्हते. आईने दोघींचीही चूक मोजली.

ती मुलीवर रागावली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढेच सांगितले की काल काय काय केले ते पाच ओळींत लिही. मुलगी तासभर बसली. दोन ओळी झाल्या आणि दुसरी अर्धी होती.

नोव्हेंबरच्या फेरीला त्या माझ्याकडे आल्या. आईने बसायच्या आधीच विचारले, "भाऊ, ते बारीक पुस्तकं हाये का अजून?"

मी काढून दिली. तिने पहिली पुस्तिका घेतली आणि पहिल्यांदाच माझ्यासमोर पहिले पान उघडले.

"माही चूक झाली," ती म्हणाली. "पुडा कसा, कोणताही काढा, त्याचे सत्तर पानं त्याच्यातच असते. मी तसंच पाह्यलं. हे तसं नाई. हे एकातून एक निघते. मधलं पाह्याचं तं पह्यलं केल्यावरच पाह्यता येते."

मी तिला सांगितले की ते मला जुलैतच माहीत होते. तिने माझ्याकडे पाहिले.

"मंग बोलले काऊन नाई?"

"तुमची पद्धत मला पटली होती."

"बरं झालं तुम्ही फळीवर नाई," ती म्हणाली. "सगळाच माल पास केला असता."

मुलगी मात्र रडवेली झाली होती. पहिली पुस्तिका पाचवीच्या मुलालाही सोपी वाटेल अशी होती. "चार महिने राह्यले माय," ती म्हणाली. "आता मी पह्यलीपासून सुरू करू का?"

"पह्यलीपासून नाई. पह्यल्या पानापासून. अन् तू एकटी नाई, मी पण करते."

हे शेवटचे वाक्य मी तेव्हा धीर देण्यासाठी म्हटलेले समजलो होतो. डिसेंबरमध्ये त्यांच्या घरी गेलो तेव्हा कळले की ते जसेच्या तसे खरे होते. डाव्या पानावर सुरुवातीलाच एक सूचना छापलेली होती, पालकांनी पाठ आधी स्वतः करून पाहावा. अशा सूचना कोणी पाळत नाही, हे छापणाऱ्यालाही माहीत असते. या बाईंनी ती पाळली. तिची स्वतंत्र वही होती. धानाची मळणी चालू होती. तरी मळणीला जायच्या आधी ती त्या वहीत पाठ सोडवून ठेवी. मग दुपारी अंगणात, जिथे ऊन सरळ येते तिथे, मुलगी स्वेटर आणि मोजे घालून खाटेवर बसे आणि आधी आईची वही तपासे.

"माय, इथी तू वाक्य सोडूनच देल्लं. पुढं काय झालं?"

"पुढं बैल आला अन् मी उठली."

"मंग ते लिव ना. बैल आला म्हणून."

"बैलाचं काय लिवाचं?"

"तूच तं म्हणते, जे झालं ते लिवाचं."

वडील ओसरीवरून म्हणाले, "घरात दोन दोन शाळकरी पोरी झाल्या. भात कोण रांधन?"

"मास्तर रांधन," मुलगी म्हणाली. गणिताच्या मास्तरांनी त्या दिवशी खरेच भात लावला.

पुस्तिकेत नसलेली एक गोष्ट आईने स्वतः घातली होती. रोजचा परिच्छेद मुलगी आधी गोंडीत सांगे, तोंडी. मग तेच गावच्या बोलीत. मग पुस्तकी मराठीत, आणि तेव्हाच कागदावर. पहिल्या दोन टप्प्यांत आई काही दुरुस्त करत नसे. मी कारण विचारले. गोंडीत मुलगी कधीच अडकत नाही, असे ती म्हणाली. गोष्ट तिथे पूर्ण होते. पूर्ण झालेली गोष्ट दुसऱ्या भाषेत नेता येते, अर्धी नेता येत नाही. हे तिला कोणी शिकवले नव्हते.

जानेवारीत थंडी वाढली आणि मुलगी अकरा दिवस पडून होती. त्यांतले चार दिवस रुग्णालयात. मी भेटायला गेलो तेव्हा आई खाटेशेजारी स्टुलावर बसली होती आणि पुस्तिका तिच्या मांडीवर उघडी होती. ती डाव्या पानावरचे विचारत होती. मुलगी डोळे मिटून उत्तर देत होती, एकेक वाक्य, मध्ये श्वास घेत. ती जे बोलेल ते आई उजव्या पानावर जसेच्या तसे लिहून घेत होती, चुकीसकट.

"चुकलं हाये, पण मी सुधरवत नाई," ती मला हळू आवाजात म्हणाली. "बरी झाली का तेच पाह्यन."

आठवड्याने मुलगी बरी झाली आणि तिने ती पाने लाल शाईने तपासली. तिच्या स्वतःच्या चुका होत्या आणि आईने लिहून घेताना केलेल्याही. कोणती कोणाची, यावर दोघींचा वाद झाला. तो मिटला नाही. वडिलांनी निम्म्या निम्म्या वाटून दिल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी तिसरी पुस्तिका संपली. शेवटचे सहा पाठ राहिले असते, पण त्यांनी एका दिवशी दोन असे घेतले. गाईड त्यांनी टाकून दिले नव्हते. शेवटच्या पंधरवड्यात आईने तेही उघडले, यावेळी प्रश्नांसाठी. उत्तरांवर वर्तमानपत्राच्या घड्या ठेवून मुलगी आपली उत्तरे लिही आणि मग घडी काढून ताडून पाही. पत्रांची पाने आईने दोऱ्याने शिवून बंद केली होती.

मराठीचा पेपर पहिला होता. केंद्र तालुक्याच्या गावी. मी गेलो होतो. आई शाळेच्या फाटकाबाहेर कडुलिंबाखाली बसली होती, हातात पाण्याची बाटली. तीन तासांत ती एकदाही उठली नाही आणि माझ्याशी ती चार वाक्ये बोलली असेल. त्यातले एक असे होते, "आजचा गेला तं पुढचे सगळे जाते." तिने ते सहज सांगितले. मुलीच्या इतर सर्व विषयांची उत्तरेही याच मराठीत उतरायची होती. हे मी एप्रिलपासून जाणत होतो, पण त्या झाडाखाली ते पहिल्यांदा नीट समजले.

मुलगी बाहेर आली. ती आधी पाणी प्यायली, अर्धी बाटली.

"लिवलं?" आईने विचारले.

"लिवलं. शेवटचं थोडं राह्यलं. हात दुखत होता."

"हात का हाड?"

"हातच. लिवून लिवून."

आईने बाटलीचे झाकण लावले आणि दोघी एसटीच्या थांब्याकडे निघाल्या. दुसऱ्या दिवशी इंग्रजी नव्हते, मध्ये सुट्टी होती. मुलगी चालता चालता म्हणाली, उद्या दिवसभर झोपणार. आई म्हणाली, झोप.

निकाल संगणकावर लागला त्या दिवशी गावात नेटवर्क नव्हते. बैठक क्रमांक माझ्याकडे लिहून ठेवलेला होता. मी निकाल पाहिला, कागदावर उतरवला आणि दर पंधरा मिनिटांनी वडिलांचा फोन लावत राहिलो. तो दुपारी लागला. ते रस्त्यावर होते, आणि आईही बरोबर आली होती. वडिलांनी काही न विचारता फोन तिला दिला.

"मराठी सांगा," ती म्हणाली.

"एकसष्ट."

मग तिने बाकीचे विचारले, एकेक. इतिहास आणि भूगोल चांगला होता. विज्ञान बरे. इंग्रजी आणि गणित जेमतेम. सगळ्यांत पास.

"गणित किती म्हणता?"

मी पुन्हा सांगितले. तिने तो आकडा शेजारी उभ्या असलेल्या माणसाला मोठ्याने ऐकवला आणि म्हणाली, "पाहा जी, मास्तर." त्यानंतर दोघांच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला, आणि त्या हसण्यात मध्येच तिचा आवाज बदलला. फोन वडिलांनी घेतला आणि नंतर बोलतो म्हणाले.

मुलीने अकरावीला गडचिरोलीत विज्ञान शाखा घ्यायचे ठरवले. रुग्णालय जवळ आणि थंडीत गावापेक्षा शहर बरे. त्यासाठी मुलींच्या वसतिगृहात जागा हवी होती, आणि आजारामुळे ती तळमजल्यावर हवी होती. तसा अर्ज लिहायचा होता. मी लिहून देतो असे म्हणालो. मुलगी नको म्हणाली. चार दिवसांनी डांबरी रस्त्यावर येऊन तिने मोबाइलवर अर्जाचा फोटो पाठवला. एक पान, चौदा ओळी. सुरुवातीला आजाराचे नाव. मग जिने चढल्यावर काय होते, हिवाळ्यात किती दिवस पडून राहावे लागते, कोणत्या दिवशी रुग्णालयात जावे लागते. कुठेही विनवणी नव्हती. शेवटच्या ओळीत काय हवे ते लिहिलेले होते. माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे जो मजकूर आला, त्यातला फार थोडा इतका नेमका होता.

खाली संदेश होता, काका, तपासून द्या.

मी सवयीप्रमाणे दोनदा वाचला आणि फोन केला. दोन चुका आहेत, असे सांगितले.

"कोणत्या ते सांगू नका," ती म्हणाली. "कोणत्या ओळीत तेवढं सांगा."

"चौथी आणि नववी."

अर्ध्या तासाने दुसरा फोटो आला. चौथी ओळ तिने खोडून पुन्हा लिहिली होती, आणि आता ती बरोबर होती. नववीला तिने हात लावला नव्हता. खाली लिहिले होते, नववीत चूक नाही, तुम्ही पुन्हा पाहा.

मी पुन्हा पाहिली. मग कपाटातून जाड पुस्तक काढले आणि त्यात पाहिले. नववी ओळ बरोबर होती. तसे तिला कळवले.